शेवग्याचं कोपर

प्रदीप,

तुझ्या जलदानाला आले तेव्हा सुजाताने मला आतल्या खोलीत नेलं आणि तुझा लॅपटॉप हातात ठेवला. म्हणाली, तुमच्या खेळाच्या लीगची माणसं विचारतायत, मार्चची निवड कधी आणि कोण घेणार. ते आता तुम्हीच बघा शुभाताई, ह्यांच्या मनात तसंच होतं. मी लॅपटॉप छातीशी धरून रडले. आणि खोटं कशाला बोलू, रडता रडता माझ्या मनात आलं, की शेवग्याच्या बाबतीत तू काय केलं होतंस ते आता मला कळेल.

अशा वेळी असं मनात येणारी बाई मैत्रीण म्हणायच्या लायकीची आहे का, ते तू ठरव. माझा स्वभाव तुला नवा नव्हता. कॉलेजात आमच्या मुलींच्या सॉफ्टबॉल संघाला सरावाला कॅचर नव्हता, म्हणून मुलांच्या संघातला तू यायचास. मी पिचर, चेंडू टाकणारी. तू बॅटवालीच्या मागे उकिडवा बसून दोन बोटांनी खूण करायचास, आता बाहेरचा टाक, आता खालचा, आणि मी मान हलवून नको म्हणायचे. मला वाटायचं तू बॅट धरलेल्या मुलीला फितूर आहेस. एकदा तू मास्क काढून माझ्यापर्यंत चालत आलास आणि म्हणालास, "शुभे, मी तुझ्या बाजूचा आहे गो." मी तो चेंडूसुद्धा माझ्याच मनाचा टाकला. तो सीमेबाहेर गेला, आणि तू पुढचा महिनाभर त्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीस. तेव्हापासून तू गप्प बसलास की माझा संशय वाढतो.

मग तू बोटीवर गेलास आणि मी देवरूखला शाळेत खेळाची बाई झाले. अमेरिकेच्या बंदरांत बोट आठ-आठ दिवस लागलेली असायची तेव्हा तू बेसबॉलच्या नादी लागलास. आधी रेडिओवर, मग मैदानात जाऊन. बोटी सोडून जयगडच्या बंदरात नोकरी धरलीस आणि नाचणे गावात घर केलंस, तेव्हा तो नाद सोबत घेऊन आलास. आम्हा जुन्या सॉफ्टबॉलवाल्यांना गोळा करून समजावलंस, की खरे खेळाडू तिकडे खेळतील आणि आपण इकडे कागदावर आपापले संघ मांडायचे. आपल्या संघातल्या माणसाने तिकडे षटकारासारखा होमरन मारला की इकडे आपल्याला गुण. आठ माणसं, आठ संघ, पैजबिज काही नाही. तू मॅनेजर. नियम तू लिहायचास, तंटे तू मिटवायचास, आणि कोणी विचारायच्या आत तूच सांगायचास की मॅनेजरला अदलाबदल करायची असेल तर बाकीच्यांचं मत घेतलं जाईल. हे तू इतक्यांदा सांगायचास, की मला त्याचाही संशय यायचा.

खरी मजा मार्चमध्ये. आदल्या वर्षी तिकडच्या मोठ्या संघांनी जी अठरा-वीस वर्षांची मुलं घेतलेली असायची, अजून खालच्या लीगमध्ये धडपडणारी, त्यांच्यातून आपण आपली मुलं निवडायची आणि ती मोठी व्हायची वाट बघायची. चार चार वर्षं वाट बघायची. त्यांची नावं कुणाच्या जिभेवर बसत नव्हती म्हणून आपणच बारशी केली. जाडजूड कॅचर तो फणस. चार पावलं पळून मध्येच थबकणारा तो टिटवी. आणि काटकुळा, सहा फुटांच्या वर गेलेला डावखुरा पिचर तो शेवग्या.

आपलं भांडण पहिल्या वर्षापासून एकच. तू आकडे वाचायचास आणि मी मुलगा बघायचे. तुझ्या फाइलमध्ये प्रत्येकाने किती चेंडूंत किती जणांना बाद केलं, किती वेळा चेंडू वाकडे टाकून मोकळा बेस दिला, सगळं. मी म्हणायचे, देवरूखच्या मैदानात मी एवढी वर्षं पोरं बघते, मुलगा चेंडू टाकून झाल्यावर मान कुठे वळवतो यावरून मला तो कळतो. तू म्हणायचास, मान वळवण्याचे गुण मिळत नाहीत. असं चालायचं. पण मधूनच तू असं काही बोलायचास, जे कुठल्याच आकड्यात बसणारं नव्हतं. एका मुलाबद्दल म्हणालास, ह्याचा उजवा खांदा उतरलाय, दोन वर्षांत बसेल घरी. आणि तो बसला. दुसऱ्याबद्दल म्हणालास, हा कमरेत आखडतो, वजन एकाच पायावर देतो. मी व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला तेव्हा कुठे मला ते दिसलं. तेव्हा माझी खात्री झाली की तुला तिकडून कसलातरी गुप्त अहवाल येतो. बोटीवरच्या ओळखीतला कुणी असेल, तो पाठवत असेल. मी विचारलं तर तू हसून म्हणायचास, दिसतं मला. आकडे वाचणाऱ्या माणसाला एकाएकी दिसायला लागतं, हे मी कसं मान्य करू?

चिठ्ठ्यांचंही तेच. कोण आधी निवडणार याच्या चिठ्ठ्या तू घरून घडी घालून आणायचास. पाचव्या वर्षी मी भांडून त्या सगळ्यांसमोर माझ्या हाताने लिहिल्या. त्या वर्षी माझाच नंबर शेवटी आला आणि तू काही न बोलता सगळ्यांना चहा दिलास.

आता शेवग्याचं. त्याला मी निवडला होता, तिसऱ्या फेरीत, कुणाच्याही यादीत नसताना. तीन वर्षं सांभाळला. मागच्या ऑगस्टमध्ये एका रविवारी सकाळी तू भर पावसात बाइकवरून देवरूखला आलास, खायच्या शिंपल्यांची, तिसऱ्यांची पिशवी घेऊन. एरवी फोनवर मिटणाऱ्या कामासाठी दीड तास भिजत का आलास, असं मी दारातच विचारलं. तू टॉवेल मागितलास. मग चहा पिता पिता शेवग्या मागितलास, त्याच्या बदल्यात फणस आणि वर आणखी एक मारणारा गडी. का, म्हटलं. तू म्हणालास, त्याचं कोपर कच्चं आहे, तो टिकायचा नाही, तुझं नुकसान होईल. मी म्हटलं, मग तुला कशाला हवाय कच्च्या कोपराचा? तू कपातल्या चहाकडे बघत म्हणालास, "मी रिस्क घेतो."

मी दिला. का दिला ते अजून कळत नाही. तू भिजलेला होतास, दमलेला दिसत होतास, जिना चढून आल्यावर बराच वेळ बोलला नव्हतास. मला वाटलं उगाच ताणतेय मी. बाकीच्यांनीही त्याच दिवशी होकार कळवला.

दोन आठवड्यांत शेवग्याला वरच्या लीगमध्ये बोलावलं. पहिल्याच सामन्यात सात डाव त्याने कुणाला हलू दिलं नाही. मी सकाळी शाळेत जायच्या आधी फोनवर बघत होते, आणि प्रत्येक स्ट्राइकला, मारणाऱ्याचा चेंडू हुकला की, माझं डोकं तापत होतं. प्रार्थनेची घंटा झाली तरी मी मैदानाच्या कडेला उभी राहून ग्रुपवर टाइप करत होते. सगळ्यांच्या देखत लिहिलं, की तुला आधीच माहीत होतं, तू माझ्या घरी येऊन, माझा चहा पिऊन मला फसवलंस. तू तासाभराने एक शब्द लिहिलास, बरं.

त्या एका शब्दावर मी तुझ्याशी सहा महिने धड बोलले नाही. सप्टेंबरअखेर लीग संपली तेव्हा तू जिंकलास. बारा वर्षांत पहिल्यांदा. सगळ्यांनी अभिनंदन केलं, मी केलं नाही. ग्रुपवर माझ्या नावापुढे तुझा निरोप वाचल्याची खूण तेवढी होती.

नोव्हेंबरमध्ये तुझा फोन आला. म्हणालास, दोन-तीन महिने मॅनेजरपद तू घेशील का, मार्चची निवडही तूच घे. मी विचारलं, का? तू म्हणालास, जरा कामं आहेत. मला लगेच दिसलं की मॅनेजर नसलास तर तुझ्या अदलाबदलीला कुणाच्या मतांची गरज उरणार नाही, आणि हिवाळ्यात सगळे झोपलेले असताना तुला मोकळं रान मिळेल. मी तसं तोंडावर बोलले. तू म्हणालास, "तुला तसं वाटतं का? मग राहू दे." आपलं शेवटचं बोलणं ते. फेब्रुवारीत तू गेलास.

लॅपटॉप मी देवरूखला आणला आणि दोन दिवस उघडला नाही. मग शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर स्टाफरूममध्ये एकटीच बसून उघडला. तुझी फाइल सापडली. बारा वर्षांची सगळी मुलं, एका ओळीत एक. शेवग्याच्या ओळीत, तू माझ्याकडे आलास त्याच्या आदल्या दिवसाची तारीख आणि पुढे लिहिलेलं: लवकरच वर बोलावतील. कोपर कच्चं (सु.). शुभाकडून घ्यावा.

म्हणजे तुला माहीत होतं. मी खुर्चीत मागे टेकून बसले. बरोबर ठरल्याचा आनंद होईल असं वाटलं होतं, सहा महिने मी त्याचीच वाट बघत होते. तो झाला नाही. तुला फोन करून सांगावं, की बघ, पकडला की नाही, एवढंच फार वाटलं. अर्धं खरं सांगितलंस मला. कोपराचं सांगितलंस आणि बोलावणं येणार ते गिळलंस.

पण मग त्या कंसातल्या "सु."ने माझं डोकं पोखरायला घेतलं. तो एकाच ठिकाणी नव्हता. उतरलेला खांदा, सु. कमरेत आखडतो, सु. भित्रा आहे, सु. जिथे जिथे तू मला चकित केलं होतंस, तिथे तिथे. आपल्यात सु. एकच, सुहास. बँकेतला सुहास, जो प्रत्येक मार्चला आपण काही अभ्यास केला नाही असं सांगतो आणि तिसरा येतो. तुम्ही दोघं आतून एक होतात, तो बघून सांगायचा आणि तू निवडायचास, असं माझ्या मनाने पक्कं केलं. मी त्याला फोन लावून सरळ विचारलं. तो बिचारा तुझ्या आठवणी काढायला फोन केला असं समजून बोलायला लागला होता. मग म्हणाला, शुभा, मला अजून नीट स्ट्राइक कळत नाही, मी प्रदीपकडे गप्पा मारायला यायचो. मी त्याच्यावरही विश्वास ठेवला नाही.

निवडीच्या आठवड्यात बातमी आली की शेवग्याच्या कोपराचं ऑपरेशन झालं. सव्वा वर्ष तरी तो चेंडू हातात धरणार नाही. मी बातमी तीनदा वाचली. मग लक्षात आलं की तो आता कुणाचाच नाही, कारण तो तुझ्या संघात आहे.

तुझ्या संघाचं काय करायचं यावर ग्रुपवर चर्चा झाली. कुणी म्हणालं, सातांत वाटून घेऊ. कुणी म्हणालं, बंद ठेवू, पाटी लावून. शेवटी मीच म्हटलं, निवड नेहमीसारखी प्रदीपच्याच घरी करू आणि तिथे ठरवू. रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही सात जण नाचण्याला तुझ्या बाहेरच्या खोलीत बसलो. सुजाताचं शिलाईचं मशीन खिडकीशी होतं, त्यावर कुणाचा तरी ब्लाऊज अर्धा लावलेला. ती मागे खुर्ची घेऊन बसली. मी लॅपटॉप टीव्हीला जोडून एकेका मुलाचा व्हिडिओ लावत होते.

चौथा मुलगा उंच, देखणा पिचर होता. सगळ्यांना तो हवा होता, मलाही. मी त्याचे आकडे वाचत असताना मागून सुजाताचा आवाज आला, की ताई, जरा मागे घ्या बघू. मी मागे घेतलं. ती उठून टीव्हीजवळ आली आणि बोटाने दाखवत म्हणाली, ह्याची उजवी बाही बघा, चेंडू सोडताना वर ओढली जाते आणि डावी सैल राहते. खांदा जिथे हवा तिथे नाही त्याचा. मग सहज म्हणाली, "शेवग्याचंही असंच होतं. कोपराचं मी सांगितलं होतं ह्यांना."

सुहासने माझ्याकडे बघितलं, आणि मी त्याच्याकडे बघितलं नाही.

निवड उरकली. मंडळी गेल्यावर मी आणि सुजाता स्वयंपाकघरात बसलो. ती सांगत होती. सकाळी तुझी कंपनीची बस यायच्या आधी तू सामना लावायचास, ती डबा भरता भरता बघायची. इंग्रजी समालोचनातलं तिला काही कळत नव्हतं, पण लोकांची मापं घेण्यात जन्म गेला, कुणाचा खांदा उतरलाय, कोण एका पायावर रेलतो, हे तिला न बघता दिसतं. ती बोलायची आणि तू लिहून घ्यायचास. मी विचारलं, मग आमच्यात का बसली नाहीस कधी? ती म्हणाली, मीच ह्यांना सांगू नका म्हटलं होतं, तुम्ही सगळे शिकलेले. हे खरं की तुझी बाजू सावरायला म्हणाली, मला कळलं नाही. बारा वर्षं तू तिची नजर आपली म्हणून मिरवलीस, प्रदीप, आणि दर वेळी फाइलमध्ये तिचं नाव मात्र प्रामाणिकपणे लिहिलंस. या दोन गोष्टी करणारा एकच माणूस होता, हे मला अजून जुळवता येत नाही.

मग तिने नोव्हेंबरचं सांगितलं. दिवाळीच्या आधी तू डॉक्टरकडे गेला होतास. बायपास करून घ्या, लांबवू नका, असं त्यांनी बजावलं होतं. तू म्हणालास, लीगचं कुणाकडे तरी सोपवतो आणि येतो. आणि मग घरी येऊन म्हणालास, मार्चची निवड झाली की बघू, शुभाला वेळ नाही.

शुभाला वेळ नाही. मी जे बोलले होते ते तू तिला सांगितलंच नव्हतंस.

मी तिला सगळं सांगितलं. मी फोनवर काय म्हणाले, कशाचा संशय घेतला, सगळं. सुजाता भांडी आवरत होती, ती थांबली नाही. म्हणाली, "ताई, तुम्ही हो म्हटलं असतंत तर त्यांनी दुसरं काहीतरी काढलं असतं. घाबरत होते ते." ती हे फार पटकन बोलली. मला बरं वाटावं म्हणून बोलली, की खरंच तसं होतं, हे मी देवरूखला परतताना एसटीत सगळा वेळ उलटसुलट करून बघितलं. अजून बघतेय. ऑगस्टमध्ये माझ्या जिन्यावर तुला दम लागला होता. मुलांचे व्हिडिओ दहा दहा वेळा बघणारी मी, माझ्या समोर खुर्चीत बसलेल्या तुला एकदा नीट बघितलं असतं तर? तुझ्या आकड्यांना नावं ठेवणारी माझी ही नजर.

तुला एवढंच सांगायचंय की शेवग्याच्या बाबतीत मी तुला माफ केलेलं नाही. ते तसंच राहू दे. तू अर्धं लपवलंस, मी अर्धं ऐकलं. पण तू जिंकलास त्याचं अभिनंदन मी आता करते. सहा महिने उशिरा, पण मनापासून. आणि बारा वर्षं दर मार्चला आम्हा सात जणांना एका खोलीत बसवलंस, कॉलेज संपून युगं झाल्यावर मला पुन्हा कुणाशी तरी खेळावरून कडाकडा भांडायला मिळालं, त्याचे आभार तू असताना मानायला हवे होते. चिठ्ठ्यांबद्दल लॅपटॉपमध्ये काही सापडलं नाही. तो संशय मी ठेवून घेतलाय.

तुझा संघ सुजाताने चालवायचा ठरलंय. मीच सुचवलं, सगळे हो म्हणाले. मॅनेजर मी आहे. परवा सकाळी तिचा फोन आला. तब्येत कशी, शाळा कशी चाललीय असं सगळं विचारून झाल्यावर म्हणाली, तुमचा तो टिटवी मला द्याल का, बदल्यात हवा तो घ्या. मी विचारलं, टिटवीच का? तिकडून मशीन चालू झाल्याचा आवाज आला, आणि ती म्हणाली, "असंच."

मी दिला नाही.

तुझी,
शुभा